डेनिंगसाहेबांचं देणं

माझ्या दाव्यांतली वाक्यं आखूड असतात. बार रूममध्ये त्यावरून माझी चेष्टा होते, ‘हा दावा आहे की पोरांचा धडा?’ मी हसून सोडून देतो. सीनियरकडे शिकलो ती भाषा ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’ची होती, वाक्य एकदा सुरू झालं की पानाच्या तळाशीच थांबायचं. त्यातून मला बाहेर काढलं एका इंग्रज न्यायाधीशाने, लॉर्ड डेनिंग यांनी. पुण्यात अप्पा बळवंत चौकात त्यांचं ‘द डिसिप्लिन ऑफ लॉ’ जुन्या पुस्तकांत मिळालं आणि त्या माणसाचं देणं माझ्या डोक्यावर बसलं.

हॅम्पशरमधल्या व्हिटचर्च नावाच्या लहानशा गावात, कापडदुकानदाराच्या घरी 1899चा जन्म. पहिल्या महायुद्धात स्वतः फ्रान्समध्ये लढले, दोन भाऊ त्या युद्धाच्या काळात गेले. ऑक्सफर्डला शिकले गणित, काही दिवस शाळेत शिकवलंही गणितच. मग कायद्याकडे वळले. 1923ला बॅरिस्टर, 1944ला न्यायाधीश. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठात, पोचलेला हा माणूस 1962मध्ये आपणहून एक पायरी खाली उतरला आणि मास्टर ऑफ द रोल्स, म्हणजे अपील कोर्टाच्या दिवाणी बाजूचा प्रमुख झाला. सामान्य माणसाचा खटला बहुधा तिथेच संपतो, हे त्यांना ठाऊक होतं. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसले. बोलण्यातला हॅम्पशरचा हेल मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

त्यांचा 1970चा एक निकाल मी नव्या ज्युनियरला आधी वाचायला देतो. नुकसानभरपाई किती, एवढाच वाद. डेनिंग सुरुवात करतात ती एप्रिलमधल्या एका दिवसापासून, केंट परगण्यात निळी रानफुलं फुलली होती तिथून. एक कुटुंब गाडी घेऊन सहलीला निघालेलं. स्वतःची चार मुलं, शिवाय सांभाळायला घेतलेली आणखी चार; बाई पुन्हा गरोदर. रस्त्याकडेला गाडी थांबवून नवरा चहाच्या तयारीला लागला, बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन पलीकडे फुलं तोडायला गेली. एवढ्यात टायर फुटलेली एक जॅग्वार येऊन त्या सगळ्यांवर आदळली. नवरा गेला, मुलं जखमी झाली आणि बाईने हे सगळं समोरून पाहिलं. नवरा गेल्याच्या दुःखाची भरपाई तेव्हाचा कायदा देत नव्हता. डोळ्यांदेखत पाहिल्याने मनाला बसलेल्या धक्क्याची देत होता. हा बारीक फरक डेनिंग नंतर सांगतात, तोवर वाचणाऱ्याला तो समजलेलाही असतो. चार हजार पौंडांचा हुकूम कायम राहिला. कलम मागून, माणूस आधी, ही माझी मांडणी तिथली उसनवारी आहे.

दुसरं ऋण बंडी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खटल्याचं. मुलाच्या बुडत्या कंपनीसाठी त्याने दहा हजार पौंडांचं घर अकरा हजारांच्या कर्जाला बँकेकडे तारण दिलं. सही घ्यायला बँकेचा माणूस घरी आला होता. 1974मध्ये अपील कोर्टाने ते तारण रद्द केलं. दुबळ्या बाजूच्या गरजेचा फायदा घेऊन केलेला करार टिकू नये, हे डेनिंग यांचं व्यापक तत्त्व. इतर दोन न्यायाधीश तेवढे पुढे गेले नाहीत आणि 1985मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने असल्या तत्त्वाची गरजच नाकारली. गंमत अशी की पुढच्याच वर्षी आपल्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती मदन यांनी, आपल्या मुंबई हायकोर्टाच्या माजी मुख्य न्यायमूर्तींनी, बंडीचाच निकाल सविस्तर मांडला आणि तीन महिन्यांच्या नोटिशीवर कायम नोकराला घालवण्याचं एका सरकारी कंपनीचं कलम रद्द ठरवलं. पोराच्या धंद्यापायी घर गहाण टाकलेला बाप आमच्या तालुक्यात शोधावा लागत नाही. असा अशील समोर बसला की माझ्या हाताशी 1986चा निकाल असतो, आणि त्याच्या मागे बंडी.

देणं मानतो म्हणून डोळे मिटून घेत नाही. बर्मिंगहॅम बाँबस्फोटातल्या सहा कैद्यांनी, पोलिसांनी मारहाण केली म्हणून लावलेला दावा 1980मध्ये त्यांच्यापुढे आला. तो चालूच देऊ नये, असं डेनिंग यांनी ठरवलं. कारण काय, तर ते जिंकले तर पोलीस खोटं बोलले असा अर्थ होईल, आणि ही कल्पनाच त्यांना सहन होईना. बंडीच्या घरात शिरून पाहणारा हाच माणूस त्या कोठडीत डोकावला नाही. 1991मध्ये ते सहाही निर्दोष सुटले, सोळा वर्षं तुरुंगात काढून. 1982मध्ये कृष्णवर्णीय ज्युरींबद्दल पुस्तकात लिहिलेला मजकूर अंगाशी आला. माफी मागून ते निवृत्त झाले. वयाची शंभर वर्षं पूर्ण करून 5 मार्च 1999 रोजी गेले.

नव्या वकिलांना माझं सांगणं एवढंच, की बंडीचा निकाल वाचाल त्याच आठवड्यात बर्मिंगहॅमचाही वाचा. भाषा दोन्हींत तितकीच सोपी आहे.