वेदनेचे द्वार

फळा हा शिक्षकाचा आरसा असतो, असे आम्ही आजवर समजत आलो. तो आमच्या खांद्याच्या दुखण्याची मोजपट्टीही होईल, ही कल्पना मात्र आम्हांस नव्हती. गेल्या पावसाळ्यात घटक चाचणीच्या वह्या तपासून झाल्या आणि आमचा उजवा खांदा ठणकू लागला. आम्ही दुर्लक्ष केले. परंतु फळ्याने ते केले नाही. वरच्या कडेला लागून लिहिली जाणारी तारीख पंधरा दिवसांत मध्यावर आली, आणि महिनाअखेरीस तर आम्ही फळ्याच्या तळाशी वाकून समास सोडवीत होतो.

एके दिवशी शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, थोडं वर लिहा ना, इथून दिसत नाही," तो म्हणाला. त्याच वेळी खांद्यातून एक सणक निघून गेली होती. आम्ही डस्टर टेबलावर आपटले आणि त्याला वर्गाबाहेर काढले. तास संपेपर्यंत तो व्हरांड्यात पावसाचे शिंतोडे अंगावर घेत उभा होता. त्याचा अपराध एवढाच, की त्याला शिकायचे होते.

त्या रात्री आमची आई खांद्याला खोबरेल चोळीत बसली. "बरें जातलें, पुता," हे तिचे लहानपणापासूनचे औषध. चोळता चोळता दुखणे खरोखरच ओसरे, आणि हात थांबला की परत येई. असे का व्हावे, याचे उत्तर आम्हांस पुढे उपचारांच्या खोलीत मिळाले.

डॉक्टरांनी खांद्याच्या कंडरांना इजा झाल्याचे सांगून आम्हांस फिजिओथेरपीसाठी धाडले. तेथील बाईंनी खांद्यावर चार चिकट पट्ट्या लावल्या, त्यांच्या तारा एका लहानशा पेटीला जोडल्या आणि बटण हलकेच फिरविले. "मुंग्या आल्यासारखं वाटू द्या, टोचलं तर लगेच सांगा," त्या म्हणाल्या. विजेच्या नावाने आम्ही डोळे मिटून घेतले होते. पण झाल्या त्या केवळ झिणझिण्या. सेकंदाला शंभराच्या आसपास सूक्ष्म स्पंदने त्वचेतून मज्जातंतूंपर्यंत जात होती. या उपचाराला 'टेन्स' म्हणतात. वीस मिनिटांनी हात कपाळापर्यंत गेला, तेव्हा आमचाच आमच्यावर विश्वास बसेना.

विजेने वेदना शमविण्याची युक्ती मात्र नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर आणि पायाच्या वातरक्तावर एक अजब उपाय लिहून ठेवला आहे: पाकटासारखा दिसणारा, विजेचा झटका देणारा जिवंत टॉर्पेडो मासा! वातरक्ताच्या रोग्याने समुद्रकाठी त्या माशावर पाय ठेवून, गुडघ्यापर्यंत बधिरता येईतो उभे राहायचे. मासळीवर आमचे प्रेम जन्मजात आहे. पण ती पानात वाढलेली असावी, पायाखाली नव्हे!

या बधिरतेमागील विचार पुढे आला तो १९६५ साली. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले, की पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक द्वार असते. बारीक तंतू वेदनेचा निरोप आणतात, जाड तंतू स्पर्शाचा. स्पर्शाचे निरोप जोरात येऊ लागले की द्वार मिटू लागते आणि वेदनेला मेंदूकडे जाण्यास अडथळा होतो. कोपर आपटले की आपण ते नकळत चोळतो, ते याचमुळे. आमच्या आईचा हात आणि ती लहानशी पेटी एकाच दारावर उभी होती! या सिद्धांतात पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. तथापि त्याची मुख्य कल्पना टिकून आहे. मंद गतीच्या स्पंदनांनी शरीरातील स्वतःची वेदनाशामक द्रव्येही जागी होतात, असे मानतात.

विद्यार्थिमित्रहो, एवढे वाचून कोणी विजेशी खेळू नये. हृदयात पेसमेकर असणाऱ्यांना हा उपचार तज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून वर्ज्य आहे. गळ्याच्या पुढल्या भागावर किंवा जखमेवर पट्ट्या लावीत नाहीत. शिवाय या पेटीची कीर्ती तिच्या कर्तृत्वाहून मोठी होऊ नये. तिचा गुण सर्वांना सारखा येत नाही, आणि आला तरी पुष्कळदा थोडा वेळच टिकतो. आम्ही बाईंना भाबडेपणाने विचारले, "आणखी किती वेळा लावली म्हणजे खांदा बरा होईल?" त्या हसल्या. "सर, यंत्र दुखणं थोपवून धरतं. तेवढ्यात व्यायाम करून घ्यायचा, हे काम तुमचं."

मग रोज सकाळी आम्ही भिंतीवर बोटांनी चढू लागलो. हात जेथवर पोचे तेथे आई पेन्सिलीची खूण करी. कधी खूण बोटभर वर जाई, कधी आठवडाभर तेथेच राही.

एका गोष्टीची खूण मात्र भिंतीवर उमटत नव्हती. शिक्षेच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही वर्गात गेलो, तेव्हा फळ्याच्या अगदी वर, वेड्यावाकड्या अक्षरांत तारीख लिहिलेली होती. "कोणी लिहिली?" असे विचारताच तोच मुलगा भीत भीत उभा राहिला. "सर, तुमचा हात वर जात नाही, म्हणून..." आम्ही नुसते "बस" म्हणालो. आमचे दुखणे आम्ही त्याच्यावर लोटले होते, आणि त्याने ते ओळखले होते. तरीही क्षमेचा शब्द ओठांवर आला नाही. खांद्यापेक्षा तो अधिक आखडलेला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमचा हात पुन्हा फळ्याच्या वरच्या कडेला पोचला. त्या दिवशी पाठ सुरू करण्यापूर्वी आम्ही साऱ्या वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली. तो गोंधळला, शेजाऱ्याकडे पाहू लागला आणि म्हणाला, "सर, आता इथून सगळं दिसतं."

तारीख अजून तोच लिहितो. ती जागा आम्ही त्याच्याकडून परत घेतलेली नाही.