भूम ते मिनिकॉय : किनाऱ्यावर उतरताना

भूममध्ये कुणाला ओळखपत्र दाखवावे लागत नाही. बाजारपेठेतून जाणाऱ्या पोराला एखादे बुजुर्ग हटकतात, "किसका रे तू?" वडिलांचे नाव सांगायचे. तेवढ्याने भागले नाही तर दादांचे. मग खव्याच्या भट्टीवर उधारीही मिळते आणि न मागता चार उपदेशही मिळतात. बालाघाटच्या डोंगररांगांतला आमचा हा तालुका. रेल्वे गाठायची तर बार्शीला नाहीतर कुर्डुवाडीला जायचे. समुद्राची तर गोष्टच सोडा. आमच्या घरातल्या बहुतेक बायकांनी समुद्र पाहिला होता तो विमानाच्या खिडकीतून, उमराहला जाताना.

म्हणून 2019 च्या डिसेंबरमध्ये आम्ही दोन कुटुंबांतली सात माणसे लक्षद्वीपला जहाजाने निघालो, तेव्हा गावात त्याची बरीच चर्चा झाली. सत्तरीचे चाचा, अडुसष्ट वर्षांच्या फुफी, आम्ही मधल्या पिढीतले चौघे आणि बारावीची परीक्षा तोंडावर असलेली एक मुलगी. लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेची 'समुद्रम' नावाची सहल आहे. कोचीहून 'एम. व्ही. कवरत्ती' हे जहाज निघते आणि कवरत्ती, कल्पेनी व मिनिकॉय ही तीन बेटे दाखवते. दिवस बेटावर, रात्र जहाजावर. रोज सकाळी किनाऱ्यावर उतरायचे आणि संध्याकाळी परत फिरायचे. प्रवासाची सारी मजा या चढ-उतारात आहे आणि काळजीही त्यातच आहे.

लक्षद्वीप भारताचाच भाग असला तरी तिथे भारतीयालाही परवाना लागतो. 1967 च्या नियमांनुसार बेटांवर जन्मलेल्या रहिवाशांखेरीज इतरांना परवान्याशिवाय जाता येत नाही. परवान्यासाठी अर्ज, छायाचित्रे, ओळखपत्राची प्रत आणि आपल्याकडच्या पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. हे ऐकून फुफींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "आपल्याच मुलुखात जायला परवाना? आणि वर पोलिसांची चिठ्ठी?" त्या दिवसांत घरोघरी कागदपत्रांचीच बोलणी चालू होती. कुणाचा जन्मदाखला, कुणाच्या वडिलांचा सातबारा, कुणाची निजामाच्या काळातली सनद, सगळे पत्र्याच्या पेट्यांतून बाहेर निघत होते. अशा वेळी सहलीसाठीसुद्धा कागद मागितला की मनात कळ उठते. फुफींना काय उत्तर द्यावे, ते आम्हाला त्या दिवशी सुचले नाही.

कागद काढून समोर ठेवले आणि खरी अडचण कळली. फुफींच्या आधार कार्डावर नावापुढे 'बी' होते आणि मतदार ओळखपत्रावर 'बेगम'. एका ठिकाणी माहेरचे नाव, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. 'शेख' हे दोन अक्षरी नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते आणि आमच्या सात जणांच्या कागदांवर त्या साऱ्या तऱ्हा सापडल्या. चाचांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून होती, कारण त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म गुरुजींनी 1 जूनलाच लावला आहे. आधारवर मात्र 1 जानेवारी, कारण तिथे केवळ वर्ष सांगितले गेले होते. माणूस एकच, पण कागदांवर त्याची दोन-तीन माणसे झालेली. दुरुस्ती, पडताळणी आणि अर्ज यात दोन महिने गेले. तिकिटापेक्षा जास्त धावपळ याच कामाची झाली.

सोलापूरहून रेल्वेने एर्णाकुलम आणि तिथून कोचीचे विलिंग्डन बेट. धक्क्यावर प्रत्येकाचे तिकीट, परवाना आणि मूळ ओळखपत्र एकमेकांशी ताडून पाहिले गेले. आमच्या पुढे एक बेटवासी कुटुंब होते. आजारी आजोबांना कोचीच्या दवाखान्यात दाखवून ते परत निघाले होते. त्यांनीही आपली कार्डे दाखवली. जहाजावर पर्यटक थोडे होते, असेच लोक जास्त होते. कुणी शिकायला गेलेला, कुणी लग्नाचा बाजार करून येणारा. भूमच्या एस.टी.त जशी माणसे भेटतात, तशीच ही.

कवरत्तीला उतरलो तेव्हा पाण्याचा रंग पाहून फुफी एवढेच म्हणाल्या, "सुब्हानल्लाह." 1964 पासून लक्षद्वीपची राजधानी असलेले हे बेट चार-सव्वाचार चौरस किलोमीटरचे आहे. साऱ्या लक्षद्वीपची जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. एकट्या भूम तालुक्यात अशी कितीतरी लक्षद्वीपे मावतील. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती सुमारे 64 हजार होती आणि त्यातले 96 टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिम. उजरा मशिदीच्या लाकडी छतावरचे कोरीवकाम पाहताना मान दुखून येते, तरी नजर हटत नाही. नमाजेत एक फरक जाणवला. तिथले लोक शाफई, आम्ही हनफी. हात उचलण्यात, आमीन म्हणण्यात थोडे वेगळेपण, पण सफ एकच.

फुफींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला तिथे मिळाले. आम्हाला बेट दाखवणाऱ्या तरुणाने परवान्याचे कारण समजावून सांगितले. ज्यांचा स्वतःचा आणि आई-वडील दोघांचाही जन्म बेटांवर झाला आहे, असे रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात. जमीन मुठीएवढी, गोडे पाणी मोजके, नारळ आणि मासे हाच आधार. बाहेरची गर्दी मोकाट आली तर जमीन, पाणी आणि रीतिरिवाज टिकणार कसे? म्हणून कोण आले, किती आले, किती दिवसांसाठी आले, याची नोंद पोलीस ठाण्यात ठेवली जाते. फुफी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हा कागद आपल्यावर शक म्हणून नाही. पाहुण्याने दार वाजवून आत यावे, तसला आहे." परवानगी घेऊन आणि सलाम करून दुसऱ्याच्या घरात जावे, हा अदब आपल्याला लहानपणीच शिकवतात. त्यानंतर फुफींनी परवान्याबद्दल कुरकुर केली नाही.

दुसरा धडा कल्पेनीला मिळाला. मोठे जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवासी लहान बोटींतून किनाऱ्याला जातात. दोन खलाशी हात धरून बोटीत उतरवतात. बोट खाली गेली की पायऱ्या वर जातात, बोट वर आली की पाय टाकायचा. त्या गडबडीत एक लाट आली आणि अर्धी बोट भिजली. सोबतच्या एका प्रवाशाची सगळी कागदपत्रे फोनमध्ये होती. फोन भिजला तो भिजलाच. सरकारच्या डिजिलॉकरमधले कागद कायद्याने ग्राह्य आहेत हे खरे, पण ते उघडायला चालू फोन लागतो, आणि बहुतेक वेळा नेटवर्कही. कोचीहून समुद्राखालून आलेली केबल 2024 च्या जानेवारीत सुरू झाली. आम्ही गेलो तेव्हा ती नव्हती आणि मोबाईलला रेंज मिळणे हा नशिबाचा भाग होता. फुफींनी मात्र आपले कार्ड आणि परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून, दोरी ओवून गळ्यात अडकवला होता. हजला मिळालेली ती जुनीच पिशवी होती. तिच्यावर पाण्याचा थेंब होता, आत कोरडे ठणठणीत.

मिनिकॉय हे तिन्हींतले सर्वांत दक्षिणेकडचे बेट. इतर बेटांवर मलयाळमशी नाते सांगणारी बोली आहे. इथे महल बोलतात, जी मालदीवच्या भाषेची बहीण आहे. 1885 साली बांधलेले दीपगृह आजही उभे आहे. टूना मासा उकळून, धुरी देऊन, वाळवून 'मास' करण्याचे काम अंगणा-अंगणांतून चालते. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जगभर फिरतात आणि मागे घरदार बायका सांभाळतात. रत्नागिरी-रायगडच्या आपल्या कोकणी मुस्लिम घरांतून हेच चित्र दिसते.

जुहरच्या नमाजेला चाचा गावातल्या मशिदीत गेले आणि नमाजेनंतर दुसऱ्या दाराने बाहेर पडले. माडांच्या रांगा, एकसारख्या गल्ल्या. आम्ही एका बाजूला शोधत होतो, चाचा दुसऱ्या बाजूला चालत होते. परतीच्या बोटींना तासाभराचाच अवकाश होता. चाचांना महल येत नाही, समोरच्या वृद्ध गृहस्थांना हिंदी येत नव्हते. चाचांनी सलाम केला, त्यांनी जवाब दिला, हात धरून ओट्यावर बसवले, पाणी दिले. पण हे पाहुणे कुठले, कुणाबरोबर आले, त्यांना कुठे पोहोचवायचे? मग चाचांनी खिशातून परवाना आणि जहाजाचे तिकीट काढले. ते पाहताच त्या गृहस्थांनी शेजारच्या घरातून आपल्या भाच्याला हाक मारली. भाचा सुट्टीवर आलेला खलाशी, हिंदी सफाईदार बोलणारा. त्याने चाचांना दुचाकीवर बसवले आणि धक्क्यावर आणून सोडले, तेव्हा शेवटच्या बोटीला वीस मिनिटे उरली होती. आम्हा सर्वांचे चेहरे तोवर पांढरे पडले होते.

त्या तरुणाने चहा नाकारला, पण दोन मिनिटे थांबला. म्हणाला, "चाचाजींनी कागद जवळ ठेवला हे फार चांगले केले. आम्ही परक्या बंदरात उतरतो तेव्हा हाच कागद आमची अब्रू असतो." खलाशाला बंदरात मोकळे फिरता यावे म्हणून त्याच्यापाशी खास ओळखपत्र असावे, असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1958 मध्ये केला आणि 2003 मध्ये तो सुधारला. आयुष्य समुद्रावर काढणाऱ्यांनाही जमिनीवर पाय ठेवताना 'मी अमुक जहाजाचा' हे दाखवावे लागते. मशिदीच्या ओट्यावर सलामामुळे चाचा परके राहिले नाहीत. पण त्यांच्या जहाजापर्यंतची वाट त्या गृहस्थांना कागदावरूनच कळली.

आपल्या घरांना ही गोष्ट नवी नाही. 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजे जात. आमच्या दादांच्या पिढीतले लोक कापडी बटव्यात पिलग्रिम पास जपून नेत आणि परत आल्यावरही तो कुराण शरीफच्या कपाटात ठेवत. आज हज कमिटी हाजींच्या मनगटात पोलादी कडे घालते आणि आता सौदी सरकारचे नुसुक कार्डही आले आहे. मिनाच्या एकसारख्या तंबूंत वाट चुकलेल्या किती दादी-नानी त्या कड्यामुळे आपल्या तंबूत परतल्या असतील! कुळे आणि घराणी एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, बडेजावासाठी नाहीत, असे आपण ऐकत आलो आहोत. कार्डाकडेही त्याच नजरेने पाहावे.

अशा प्रवासाला निघणाऱ्या वाचक भावा-बहिणींसाठी थोडे सांगावेसे वाटते. देशातल्या बेटांवर उतरताना मूळ ओळखपत्र, परवाना आणि जहाजाचे कार्ड किंवा तिकीट अंगावर असावे, सामानाच्या पिशवीत नको. त्याची एक झेरॉक्स केबिनमध्ये आणि एक सोबतच्या दुसऱ्या माणसाकडे असावी. परदेशातल्या बंदरांची रीत वेगवेगळी असते. कुठे पासपोर्ट बरोबर लागतो, कुठे तो जहाजावरच ठेवतात आणि त्याची प्रत व जहाजाचे कार्ड पुरते. ते आदल्या रात्री जहाजाच्या स्वागतकक्षात विचारून घ्यावे. परतीची वेळ आणि धक्क्याचे नाव एका चिठ्ठीवर लिहून घरातल्या ज्येष्ठांच्या खिशात ठेवावे. लहान मुलांनाही तेच. पाण्यात उतरणार असाल तर साधी प्लास्टिकची पिशवी महागड्या पाकिटापेक्षा कामाची.

या सगळ्याच्या आधीचे काम घरातले आहे. अम्मी, दादी, फुफी यांच्या कार्डांवर नाव एकसारखे आहे का, जन्मतारीख जुळते का, हे प्रवास ठरण्याची वाट न पाहता तपासावे. पुरुषांचे कागद नोकरी-व्यवहारासाठी वेळोवेळी दुरुस्त होत राहतात, बायकांचे मात्र पेटीत तसेच पडून असतात. फुफींच्या चारही कागदांवर आता एकच नाव आहे. मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःहून विचारले, अंदमानला परवाना लागतो का? आम्ही सांगितले, भारतीयांना श्री विजयपुरमला (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला) जायला लागत नाही, पण कार्ड लागेल. "ते तर आहेच," त्या म्हणाल्या आणि तारखा विचारू लागल्या.