मालवणच्या पाण्यातली तीन जाकिटे

सुट्टीत आम्ही सहकुटुंब मालवणला गेलो. स्कुबा डायव्हिंग करायचे हा लेकीचा हट्ट. अम्मीजान किनाऱ्यावर तसबीह घेऊन बसल्या.

होडीत घालतात ते लाइफ जॅकेट फक्त तरंगवते. पाणबुड्याच्या जाकिटात सिलिंडरमधली हवा भरता आणि सोडताही येते. प्रशिक्षकांनी त्याचे तीन प्रकार दाखवले. पहिल्यात हवा पाठीशी आणि दोन्ही कुशींना भरते. पाण्यावर माणूस उभा राहतो, डोके बाहेर. दुसऱ्यात ती फक्त पाठीशी असते. पाण्याखाली माशासारखे आडवे पोहता येते, पण वर आल्यावर ते पुढे झुकवू पाहते. तिसऱ्यात पाठीला धातूची पाटी आणि तिच्यामागे हवेची पिशवी. ते सरावलेल्यांचे काम.

लेकीला तिसरे आवडले. प्रशिक्षकांनी पहिलेच चढवले. म्हणाले, "10 मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. वर येताना जाकिटातली हवा फुगते. ती वेळेवर सोडली नाही, तर माणूस वेगाने वर फेकला जातो. फुप्फुसांचेही तसेच, म्हणून श्वास कधी रोखायचा नाही." मग त्यांनी एकेक पट्टा ओढून पाहिला.

बिस्मिल्लाह म्हणून लेक पाण्यात उतरली. थोड्या वेळाने तिचे डोके पाण्यावर दिसले, अल्हम्दुलिल्लाह. ती अम्मीजानना म्हणाली, "दादी, तुमच्या दुआने वर आले."

अम्मीजान म्हणाल्या, "दुआ मी केली, पण पट्टे त्यांनी तपासले. दोन्ही लागते, बेटा."