सातबाऱ्याबाहेरची आजी

मंचर,
पौष पौर्णिमा

प्रिय अक्का,


मुलांना पणजीविषयी सांगायचंय, पण तुलाच सगळं धड आठवत नाही, असं तू म्हणालीस. तुझं लग्न लवकर झालं. आजीच्या शेवटच्या वर्षांत तिच्या उशाशी मी होतो, म्हणून तिच्या तोंडून ऐकलेलं लिहून काढतो. आज सगळी आळी थापलिंगाच्या यात्रेला गेलीय, मळ्यात कुणी नाही. सवडीने लिहिता येईल.

आजीकडे जन्माचा दाखला नव्हता. ‘बाबू गेनू गेला त्या थंडीतली पोर,’ असं तिची आई म्हणायची. म्हणजे डिसेंबर 1930. आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणीकामगार 12 डिसेंबरला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. आजीचं वय आपण त्याच्या हौतात्म्यावरून मोजत आलो.

तिचं माहेर धामणीच्या शिवारात, गावापासून लांब वस्तीवर. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस झोडपून काढतो आणि त्याच तालुक्याच्या पूर्वेला धामणी-लोणीकडे ढग नुसते डोक्यावरून जातात. तिच्या लहानपणी तिथं सगळी भिस्त एका विहिरीवर. वस्तीवर खिल्लारी बैलांची जोडी, चार गाई, शेरडं-मेंढरं आणि राखणीची कुत्री. भावंडांत ती थोरली, भाऊ पाळण्यात. त्यामुळे बाप शेतात दारं धरायचा आणि दहा-अकरा वर्षांची ही पोर पहाटेच मोटेवर उभी राहायची.

मोट कशी चालायची ते मुलांना सांग, त्यांनी ती पाहिलेली नाही. बैल धावेवरून उताराला चालत गेले की नाड्याला बांधलेली चामड्याची मोट विहिरीतून वर यायची. मोटेची सोंड सोलाने ओढून धरलेली असायची, ती थारोळ्यात मोकळी होऊन पाणी पाटाला लागायचं. बैलांना पुढे हाकणं कुणालाही जमतं. खरं कसब त्यांना धावेवरून मागं मागं सरकवत वर आणण्यात. आजी ते कासऱ्याला हिसका न देता, नुसत्या शब्दावर करायची. ‘बैलाला राग कळतो, म्हणून आधी मपला राग विहिरीत टाकायचा,’ असं ती म्हणायची. आपल्या गोठ्यात तिने कुणाला चाबूक टांगू दिला नाही, त्यामागे ही शिकवण होती.

सुगी झाली की धनगरांचे कळप शिवारात उतरायचे. रात्री मेंढरं वावरात बसवायची आणि त्या खताच्या बदल्यात त्यांना धान्य द्यायचं, असा रिवाज. धनगरांच्या बायकांजवळ बसून आजी लोकर कातायला शिकली, शेळीचं अडलेलं करडू सोडवायला शिकली. शाळेचं तोंड तिने पाहिलं नाही. पण जनावराच्या कानाला हात लावून ताप सांगायची. कालवडीची चाल पाहून ती पुढे दुधाला कशी निघेल, याचा तिचा अंदाज क्वचितच चुकायचा.

चौदाव्या वर्षी ती लग्न होऊन मंचरला आली. बापाने तिच्याबरोबर एक कालवड पाठवली. संकरित गाई आपल्या दावणीला येईपर्यंत त्याच कालवडीचा वेल आपल्या गोठ्यात होता. भादवी पोळ्याला बैलांची शिंगं आजोबा, आपले आबा, रंगवायचे, पण पुरणपोळीचा पहिला घास भरवायची ती आजीच.

कांद्याचं बी ही तिची दुसरी विद्या. बराखीतून एकसारखे, घट्ट मानेचे कांदे निवडून ती बांधाकडेच्या वाफ्यात लावायची. डेंगळे धरले की गोंडे पिकायच्या बेतात सकाळी लवकर खुडायची, म्हणजे बी गळत नाही. कांद्याच्या बियाला आयुष्य कमी, वर्ष उलटलं की उगवण घटते. म्हणून दरसाल नवं बी धरणं आलंच, आणि ते तिने कधी चुकवलं नाही. शेजारच्या मळेकऱ्यांनी तिच्याकडून मूठ-मूठ बी नेलं, त्याचे पैसे तिने घेतले नाहीत.

1972 च्या दुष्काळात विहिरीने तळ गाठला. लोक खडी फोडायला गेले, रेशनवरचा मिलो खाल्ला, पोरांनी सुकडी खाल्ली. आबा बैलजोडी विकायला निघाले होते. आजी आडवी आली. ती दुष्काळी कामावर गेली आणि मजुरीच्या पैशातून तिने कडबा आणला. तिचं म्हणणं, पाऊस आला की नांगराला कोण जुंपणार? पुढच्या पावसाळ्यात आपलं रान वेळेवर पेरलं गेलं, ते त्या जोडीच्या जिवावर.

पुढे डिंभे धरण झालं, कालवे आले, मंचरच्या शिवारात बागायत वाढली. सगळे आनंदात असताना आजी एकच सांगत राहिली, ‘हे पाणी कुणाच्या तरी उंबऱ्यावरून आलंय, वाया घालू नका.’ तालुक्याला ज्याचं नाव आहे ते आंबेगावच त्या पाण्याखाली गेलं, वरच्या खोऱ्यातल्या आदिवासींची घरं-वावरं गेली. आजीने हे आम्हाला विसरू दिलं नाही. पाट फुटलेला दिसला की ती पदर खोचून स्वतः चिखलात उतरायची.

अक्का, एवढं लिहिल्यावर आता कागदाची गोष्ट लिहितो. ज्या दोन जमिनींवर ती राबली, त्यांतल्या एकाही सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं. तिचे वडील वारले तेव्हा 1956 चा वारसा कायदा लागू झालेला होता, बापाच्या वाट्यात तिचा हिस्सा होता. तिने अंगठा दिला आणि साडी-चोळी घेऊन परत आली. आबा गेले तेव्हा विधवा म्हणून वारसांत तिचं नाव लागायला हवं होतं. तिथंही तिने अंगठा दिला, पोरांना सोसायटीचं कर्ज काढताना अडचण नको म्हणून. तिला कुणी धमकावलं नाही, फसवलं नाही. रीतच अशी होती की विचारायची गरज कुणाला वाटली नाही.

1980 साली कांद्याच्या भावासाठी शरद जोशींच्या मागे शेतकरी चाकणला रस्त्यावर बसले. त्याच शेतकरी संघटनेने 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: राबणारीच्या नावावर जमीन करा. कित्येक गावांत ती झालीही. आपल्या घरात नाही झाली. पीककर्ज, विमा, गारपिटीचा पंचनामा, सगळं सातबाऱ्यावर चालतं. त्या हिशेबाने आपली आजी शेतकरी नव्हतीच. पण तिच्याएवढी शेती जाणणारं मंचरात मला तरी कुणी माहीत नाही.

वडील गेल्यावर, गेल्या महिन्यात तू म्हणालीस, ‘दादांच्या जमिनीचा हक्कसोडीचा कागद पाठव, सही करते. मला काय करायचीय जमीन?’ तू प्रेमाने म्हणालीस, पण आजीनेही दोन्ही अंगठे प्रेमानेच दिले होते. कायदा आता तिच्या वेळचा राहिलेला नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, लग्न झालेलं असो वा नसो. वडील त्या तारखेला हयात हवेत ही शंकाही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात दूर केली आहे. दादांनी स्वतःच्या कमाईने घेतलेल्या तुकड्यातही आईचा, तुझा आणि माझा वाटा सारखाच.

‘भावाचं मन दुखेल, माहेर तुटेल’ ही भीती तुझ्या मनात असेल तर ती काढून टाक. भाऊ म्हणून मीच हे लिहितो आहे. मळा मी कसतो, पुढेही कसेन. उत्पन्नाचा हिशेब दरसाल तुझ्यापुढे ठेवीन. तुला कसायला यायचं असेल तर बांध कुठं घालायचा ते आपण बसून ठरवू. आई सही करायला तयार होती, तिलाही मी थांबवलंय.

म्हणून हक्कसोडीचा कागद मी पाठवत नाही. सोबत वारस नोंदीचा अर्ज आहे. त्यात आईचं, तुझं आणि माझं अशी तिन्ही नावं आहेत. आधार कार्डाची प्रत जोडून सही करून पाठव. आणि उद्या कुणी भाऊबंद तुझ्यापुढे दुसरा कुठला कागद ठेवील, तर त्यावर सही करू नकोस.

तुझा धाकटा भाऊ