तळ्यावरची मशीद

शनिवार. मुंबईच्या शेख मेमन स्ट्रीटवर आपण चालत नसतो, मागची गर्दी आपल्याला पुढे नेत असते. कापडाचे तागे, हातगाड्या, अत्तराचा वास, आणि या सगळ्यातून जामा मशिदीत शिरलो तर समोर चक्क तळं!

मशीद तळ्याकाठी नाही, तळ्यावर आहे. काळ्या दगडाच्या सोळा कमानी थेट पाण्यातून वर येतात आणि इमारत पेलतात. पाणी जिवंत झऱ्यांचं, त्यात मासे. पायऱ्यांवर लोक वजू करत होते. एका आजोबांनी पाण्यात हात घालण्याआधी मासे बाजूला होईपर्यंत वाट पाहिली. मला ते फार आवडलं.

ही जागा मूळची एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची. ज्या समाजाच्या घरांत आजही कोकणी वळणाची बोली ऐकू येते, त्याच समाजातला. १७७५ च्या सुमारास काम सुरू झालं, वादांत अडकलं आणि १८०२ मध्ये पुरं झालं. मुंबईत बांधकामं रखडण्याची परंपरा तशी जुनीच म्हणायची!

जवळचं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं. त्याचे फोटो काढायला लोक लांबून येतात. त्याहून सदुसष्ट वर्षं आधी पुरी झालेली ही वास्तू मात्र आपल्या वारसायादीत शेवटी आठवते. गोऱ्या साहेबाने बांधलं तेवढंच जुनं, असं आपण ठरवूनच टाकलंय की काय? मीही आजवर या भागात फक्त सुकामेवा घ्यायलाच येत होतो.

नमाजाची वेळ होत आली तसा उठलो. वरच्या मजल्याचे लाकडी खांब बघायचे राहिलेत. पुढच्या वेळी सकाळीच यायला हवं.