सुटलं की तुटलं?

तिकोणा पेठेतल्या आमच्या पडवीत आजोबा दावं वळायचे. घायपाताचा वाख मांडीवर घासून दोन पेड काढायचे आणि उलटा पीळ देत एकमेकांत गुंतवायचे. पवनेच्या खोऱ्यात पाऊस लागला की तेच दावं भिजून असं आवळायचं की गाठ सोडताना बोटं सोलून निघत. पुण्याच्या प्रयोगशाळेत डीएनएचे दोन पेड कधी जुळतात, कधी सुटतात हे मोजताना मला ती ओली गाठ आठवते. दोर तोच, पण तो आहे कुठे, यावर सारं ठरतं.

क्वार्ट्झच्या नळीत काम सरळ असतं. डीएनएचं द्रावण हळूहळू तापवायचं आणि 260 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते पाहायचं. पेड सुटले की शोषण वाढतं. जिवंत पेशीत हे चालत नाही. तिथे प्रथिनांची दाटी असते, आणि पेशीचं स्वतःचं आरएनएही तोच प्रकाश शोषतं. म्हणून एका पेडाला हिरवं, दुसऱ्याला लाल रंगद्रव्य जोडतो. पेड जुळलेले असताना हिरव्याची ऊर्जा लाल रंगद्रव्याकडे जाते आणि लाल उजळतो. ते काही नॅनोमीटर लांब गेले, की हिरवा उजळतो.

म्युनिकमधल्या डीटर ब्राउन यांच्या गटाने 2009 मध्ये जिवंत पेशींत अशी मोजणी केली. 16 बेस-जोड्यांचे पेड नळीतल्यापेक्षा वेगाने जुळत होते, 12 जोड्यांचे मात्र सावकाश! दाटीत सगळंच मंदावेल, हा सोपा अंदाज तिथेच मोडला. तो शोधनिबंध मी अजूनही काढून वाचतो.

मी चुकलो ते दुसऱ्याच ठिकाणी. बारीक सुईने पेशीत डीएनए सोडला, थोडं तापवलं, हिरवा उजळला, आणि वहीत ‘सुटले’ असं लिहून मोकळा झालो. पेशी गार झाली तरी लाल काही परतला नाही. पेशीतल्या विकरांनी डीएनए कुरतडून टाकला होता. सुटलं काय आणि तुटलं काय, सूक्ष्मदर्शीखाली उजेड सारखाच दिसतो. याची पारख आजोबांकडे होती: ते वळलेल्या दाव्याचा पीळ थोडा उलगडून हात सोडून देत. वळण नीट बसलं असेल तर पेड आपसूक परत गुंतत.

आता मी अवरक्त लेसरने पेशी क्षणभर काही अंश तापवतो आणि लगेच निवू देतो. हिरवा चढून पुन्हा उतरला नाही, तर तो आकडा घेत नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे: तापतानाच्या आलेखाशेजारी निवतानाचा आलेखही छापा.