स्पेनला निघालो ते रेवदंड्याला

स्पेनला जायचं ठरलं ते धानाच्या पोत्यांवर बसून. पोरीने ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा स्पेनमधला सिनेमा मोबाइलवर दुसऱ्यांदा पाहिला आणि जाहीर केलं, की सुट्टीत समुद्राला जायचं तर स्पेनच्याच. गोंदियाकडच्या आमच्या दवनीवाड्यात मोठा खर्च धानात मोजायची सवय आहे. मी पाच जणांचं विमानभाडं क्विंटलमध्ये मांडायला घेतलं आणि दुसऱ्या माणसाच्या तिकिटापाशीच कोठी रिकामी झाली. आई शेजारी सूप घेऊन बसली होती. तिने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. ती म्हणाली, “स्पेन राहू दे. मले तं समुंदर पाहाचा आहे, कोनाचा का असेना.”

मी पटकन बोलून गेलो, “स्पेनच्या राजाचं एक गाव आपल्या महाराष्ट्रातच आहे.”

ही थाप नव्हती. निदान तेव्हा वाटत नव्हती. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वैद्यकी केलेल्या गर्सन द कुन्हांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या इतिहासावर एक पुस्तक लिहिलं. त्याची झेरॉक्स प्रत माझ्याकडे पंधरा वर्षं पडून आहे. त्यातलं चौल, म्हणजे त्याच्या खाडीतोंडाचं रेवदंडा, पोर्तुगिजांकडे होतं. बुऱ्हाण निजामशहाने १५२१ मध्ये त्यांना तिथे किल्ला बांधू दिला. १५८० साली पोर्तुगालची गादी रिकामी पडली आणि स्पेनचा दुसरा फिलिप तिच्यावर बसला. १६४० पर्यंत दोन्ही देशांना राजा एकच. म्हणजे साठ वर्षं रेवदंड्याचा धनी माद्रिदला बसत होता. आता याला स्पेनचं समुद्रकाठचं गाव म्हणायचं नाही तर काय?

पोरीने तोंड वाकडं केलं, पण तिकिटं परवडणारी होती.

बेत आखायला मी पंचांग काढलं. कोकणातल्या एका ओळखीच्या माणसाने फार पूर्वी हिशेब सांगितला होता: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वैनगंगेच्या पट्ट्यातल्या माणसाला हे भारीच वाटतं. आमच्याकडे पाणी चढतं ते पावसाने किंवा धरणाचे दरवाजे उघडल्याने, चंद्राला विचारून नाही. पोरीने कॅलेंडरवर पेन्सिलने भरतीचे आकडे लिहिले आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती स्पेन विसरली.

हलकं धान निघालं होतं, भारी अजून उभं होतं. भाऊबीज झाली, आणि तृतीयेला दुपारी गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस पकडली. सकाळी मुंबई. गेटवेवरून लाँचने मांडवा. आई लाँचच्या कठड्याला धरून पाऊण तास गप्प होती. उतरताना एवढंच म्हणाली, “इतकं पानी, अन् प्याची बाटली वीस रुपयाले.”

अलिबागबद्दल सांगण्यासारखं थोडंच. पंचमीच्या सकाळी साडेनऊला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत गेलो, पंचांग खरं ठरलं, पोरांचे बूट भिजले. वाटेतलं नागाव पाहिलंच नाही.

रेवदंड्यातल्या मुक्कामाच्या जागेचं नाव घेत नाही. फोटोत खिडकीत समुद्र होता. प्रत्यक्षात खिडकीत शेजारच्यांची पाण्याची टाकी, आणि समुद्र पाहायचा तर न्हाणीघरात बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहायचं. मुलगा दोन वेळा उभा राहिला. जेवणाला मात्र बोल लावणार नाही. सोलकढी फर्मास होती, माशाचं कालवण त्याहून. फक्त भात तेवढा... चिन्नोर खाऊन वाढलेल्या माणसाने परगावच्या भातावर बोलू नये, घरच्यांशी भांडण होतं.

रेवदंडा हे किल्ल्याच्या आत वसलेलं गाव आहे. तट कुणाच्या परसातून जातो, कुणाच्या सुपारीच्या वाडीला कुंपण होतो. वाळू काळसर. माडांच्या वर सातखणी मनोरा दिसतो. तो फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा. सात खण आता मोजून भरत नाहीत, नाव मात्र भरलेलं आहे. याच्या पायथ्याशी मला गुरुजी भेटले. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, हातात दुधाची बरणी. मी उत्साहाने त्यांना माझा फिलिप सांगितला.

“कुठले तुम्ही?”

“गोंदियाकडचे. दवनीवाडा.”

“१८५३ ला नागपूरचं राज्य खालसा झालं, पुढे तुमच्याकडे विलायतेच्या राणीचा अंमल. मग दवनीवाडा इंग्लंडचं गाव झालं काय हो?”

मी म्हटलं, तसं नाही, पण. ते थांबले नाहीत. फिलिपने पोर्तुगालचा राजा होताना कबूल केलं होतं, की पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजच बघतील. मुकुट दोन, डोकं एक. चौलचा कॅप्टन पोर्तुगीज, हुकूम गोव्याहून. स्पेनचा इथे कोण आला होता, सांगा.

माझ्याकडे हुकमाचं पान होतं. “सेंट झेवियर! स्पेनमधल्या नावारचा माणूस. इथे त्याचं चॅपेल आहे.”

“ते १५५२ ला वारले. तुमचा फिलिप पोर्तुगालच्या गादीवर यायच्या अठ्ठावीस वर्षं आधी. आणि आले होते ते पोर्तुगालच्या राजाने बोलावलं म्हणून.” बरणी दुसऱ्या हातात घेत त्यांनी विचारलं, “कोर्लई बघितलीत?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. बायको म्हणाली, हरलात तर हरलात, आता पंखा तरी चालू करा.

कोर्लई समोरच. मधे कुंडलिकेची खाडी, वर पूल. टेकडीची लांब शेपटी समुद्रात गेलेली आणि तिच्या कण्यावर किल्ला. दीपगृहापासून पायऱ्या चढून वर गेलं की निजामशहाचं दुखणं उमगतं: इथे ज्याच्या तोफा, त्याच्या परवानगीशिवाय गलबत खाडीत शिरत नाही. म्हणून निजामशाहीने टेकडी बळकट करायला घेतली, आणि म्हणून १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी ती हिसकावली. माझ्या फिलिपच्या कारकिर्दीत! मी मोठ्याने म्हणालो, पण ऐकायला मोडक्या चर्चमधल्या साळुंक्या होत्या. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली त्याच्या पुढच्या वर्षी, १७४० च्या तहात चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आलं. फिरंगी गेले.

गेले, पण बोली ठेवून गेले. खाली गावात, माउंट कार्मेलच्या चर्चभोवती, ख्रिस्ती कुटुंबं घरात जे बोलतात त्याला ती ‘नॉ लिंग’ म्हणतात, आपली भाषा. शब्द पोर्तुगीज, पण वाक्यात क्रियापद शेवटी, मराठीसारखं. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. क्लेमंट्स नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये अख्खा ग्रंथ लिहिला. पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ राजा नाही, फौज नाही, शाळा मराठी, आणि चुलीपाशी ही बोली चालू.

आईला तहान लागली होती. एका ओट्यावर एक बाई बटाटे सोलत होती. तिने मराठीत “बसा” म्हटलं आणि आत तोंड करून पोरीला काहीतरी सांगितलं, ते मराठी नव्हतं. तांब्या आला. मी गर्सन द कुन्हांसारखा चेहरा करून कान टवकारले. आईला त्यात नवल वाटलंच नाही. आमच्या घरात पोवारी, शाळेत मराठी, गोंदियाच्या बाजारात हिंदी. दारात एक भाषा आणि आत दुसरी, याची तिला जन्मापासून सवय.

“घरची बोली आहे का?” तिने विचारलं.

“घरचीच.”

“पोरं बोलतात?”

बाई सोलताना थांबली. “बोलतात. मुंबईला गेली की कमी.”

“आमचे बी तसेच,” आई म्हणाली, आणि न विचारता एक विळी ओढून घेतली. “कायची भाजी?”

“बटाट्याची.”

“आलू म्हणतो आमी.”

मला आठवलं ते असं: बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरून स्पॅनिश जिभेवर चढला, तिथून पोर्तुगीज, तिथून या किनाऱ्याला. साबण, चावी, पगारही याच धक्क्यावर पोर्तुगिजांकडून उतरले. साबण आणि पगार दवनीवाड्यापर्यंत पोचले, बटाटा वाटेतच कुठेतरी राहिला. गुरुजींना हे सांगावं म्हणून संध्याकाळी मनोऱ्याकडे गेलो. ते नव्हते. वाळूवर पोरं क्रिकेट खेळत होती आणि भरतीने त्यांची एक एक यष्टी मागे सरकवायला लावली होती.

घरी परतलो तेव्हा भारी धान कापणीला आलं होतं. कार्तिकी एकादशीला सगळे बांधावर होतो, आईने उपासाचे उकडलेले आलू आणले होते. पोरीने माझ्या घड्याळात पाहिलं. सव्वाआठ.

“बाबा,” ती म्हणाली, “कोर्लईला आता पाणी भरलं असेल.”